पाटीच्या मागचं नाव

तुमच्या गावाचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं हे कोणी ठरवलं? कधी विचारलंय तुम्ही? ते बरोबर आहे की चूक, हे मी विचारत नाही. त्यावर भांडणारे पुष्कळ आहेत आणि त्यांत मी पहिल्या रांगेत होते. मी विचारतेय ते एवढंच, की ज्या माणसाने ते पहिल्यांदा लिहिलं, तो तुमच्या गावात आला होता का? कोणाच्या तोंडून त्याने ते नाव ऐकलं होतं का?

उखानाना गेले त्याला आता सात आठवडे होतील. बातमी फोनवर आली, आणि येताना या भांडणाचं शेपूट घेऊनच आली. मी जळगावात असते, एका छापखान्यात मुद्रितं तपासते. सकाळी अकराच्या सुमाराला नानांच्या मुलाचा, संजूदादाचा फोन आला. "ज्योते, नाना गेले गं. काल दुपारी जेवले, आडवे झाले, ते उठलेच नाहीत. संध्याकाळी सगळं उरकलं. तुझा फोन लागत नव्हता..." मी खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले. पलीकडे गलका होता, कोणीतरी 'चला, पुढचा, पुढचा' म्हणून ओरडत होतं. मग संजूदादाने आवाज खाली आणला. "एक विचारायचं होतं. मी नोंदीसाठी रांगेत उभा आहे. कायमचा पत्ता इंग्रजीत लिहायचाय. नानांच्या आधारवर गावाच्या नावाच्या शेवटी खेडा आहे, घराच्या उताऱ्यावर खेडे. इथला माणूस म्हणतो, दोन नाही चालत, एक काय ते ठरवून या. तुला यातलं कळतं... काय लिहू?"

बारा वर्षांपूर्वी या प्रश्नाचं उत्तर मी पत्रक काढून दिलं असतं. दोन बाजूंनी छापून. त्या सकाळी मात्र मी हातातली पेन्सिल ठेवली. "थांब, सांगते," म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

नानांचं गाव सावळखेडे. शिरपूरच्या बाजूला, हमरस्त्यावरून तीन-चार किलोमीटर आत. सरकारी इंग्रजी कागदांत ते पिढ्यान्‌पिढ्या सावलखेडा आहे. 'ळ'ला त्या लिपीत जागा नाही आणि शेवटचा 'आ' कोणी चिकटवला ते कोणालाच माहीत नाही. मराठी कागदांवर ते सावळखेडे. आणि गावातले लोक म्हणतात सावयखेडं, कारण आमच्या खान्देशी बोलीत 'ळ'चा 'य' होतो. धुळ्याचं धुयं होतं, जळगावचं जयगाव, केळीची केयी. आता यातलं खरं कोणतं? मला वाटायचं, मला माहीत आहे.

माझं बालपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर गेलं, हे शब्दशः खरं आहे. धुळ्यात पाचकंदिलाजवळच्या एका बोळात माझ्या वडिलांचा, आबांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं अशी कामं पोटासाठी. पण आबांचा जीव होता तो पत्रकांत. हमालांचा मोर्चा, गिरणीच्या गेटवरची सभा, सातपुड्यातल्या जमिनींचा प्रश्न... सगळ्यांची पत्रकं आमच्याकडे यायची आणि आबा रात्रंदिवस एक करून ती वेळेवर काढायचे. मला पहिली अक्षरओळख झाली ती 'बंधूंनो आणि भगिनींनो' या दोन शब्दांची. पत्रकाच्या शेवटी नेहमी काहीतरी करायला सांगितलेलं असायचं. सामील व्हा, बहिष्कार टाका, जाब विचारा. नुसतं वाचून बाजूला ठेवायचं लिखाण जगात असतं, हे मला शाळेत गेल्यावर कळलं.

छापखान्याच्या भिंतीला लागूनच उखानानांची खोली होती. बाहेर 'उखा आर्ट्स', आत एनॅमलचे डबे, टर्पेंटाइनचा वास, खडू लावलेली दोरी आणि एका खिळ्याला टांगलेला ओळंबा. पूर्ण नाव उखर्डू. आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर या पोराला उकिरड्यावर ठेवलं आणि तिथून उचलून घरात आणलं, की मग नजर लागत नाही. त्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं होतं. "बँकेत मी वेगळा, रेशनला वेगळा, मतदानाला तिसराच," नाना म्हणायचे. "पण तिघं गुण्यागोविंदाने राहतो एका घरात. अक्काला विचार." अक्का म्हणजे त्यांची बायको. ती आतून म्हणायची, "तिघं शेतस पन भाकरी एकच खातस, तेवढं बरं."

दोन जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांच्या पाट्या नानांच्या हातच्या. फाट्यावरच्या, शाळांवरच्या, दवाखान्यांवरच्या. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत त्यांनी महिनाभर राहून पाट्या रंगवल्या होत्या. सावद्याच्या केळीवाल्यांचे ट्रक रंगवायला तर ते दरवर्षी जायचे. आणि त्यांची एक रीत होती, जी मी दुसऱ्या कोणा पेंटरची ऐकली नाही. गावाचं नाव लिहायचं काम आलं, की सरकारी चिठ्ठीवर काय लिहिलंय ते खिशात ठेवायचे आणि आधी त्या गावात जायचे. पारावर बसून चहा घ्यायचे आणि विचारायचे, "गावात सगळ्यात म्हातारी सून कोण?" तिच्या घरी जाऊन तिला गावाचं नाव तीनदा म्हणायला लावायचे. सूनच का? तर म्हणायचे, गावात जन्मलेला माणूस गावाचं नाव अर्धं गिळतो, त्याला ते हवेसारखं असतं. बाहेरून आलेल्या बाईला ते शिकावं लागलेलं असतं, म्हणून ती नीट धरून बोलते. ती काय म्हणाली ते वहीत लिहायचे. मग मराठी अक्षरं, मग इंग्रजी. पुष्कळदा चिठ्ठीत असेल तेच इंग्रजी लिहावं लागायचं, साहेबाची सही असायची त्यावर. पण पाटी वाळली की ती उलटी करून मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, बारीक ब्रशने लिहायचे. 'सांगणार', आणि पुढे त्या बाईचं नाव.

मी शाळेत असताना एकदा विचारलं होतं, "नाना, मागे कोण बघतं?"

"कोनीच नही," ते म्हणाले. "पन जिनं सांगं तिनं नाव नको का कोठे?"

कॉलेजात गेले आणि माझ्या हातात आबांच्या छापखान्याची किल्ली आली, असं म्हटलं तरी चालेल. आम्ही सात-आठ जण होतो. सगळ्यांचं रक्त उकळत असायचं. एकदा पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याने बोलता बोलता आमच्या शहराला 'धुलिया' म्हटलं आणि मी भर कार्यक्रमात उभी राहून त्याला उच्चार दुरुस्त करायला लावला. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी डोकं फिरलं माझं. मग आम्ही शहरभर फिरलो. धुलिया कुठे कुठे आहे, भुसावळला कोण 'व्ही' लावतं आणि कोण 'डब्ल्यू', शिंदखेड्याच्या शेवटी 'ए' आहे की 'ई'... नोंदी केल्या, वाद घातले. आमच्यातच दोन तट पडले. 'डब्ल्यू'वाला एक जण 'व्ही'वाल्याशी महिनाभर बोलत नव्हता. आता हसू येतं, पण तेव्हा ते जिवावरचं होतं. आणि मी अजूनही म्हणते, ते क्षुल्लक नव्हतं. कोणीतरी टेबलामागे बसून तुमच्या गावाला स्वतःच्या जिभेला सोयीचं करून घेतो आणि तुम्ही शंभर वर्षं तसंच लिहीत राहता, याची चीड यायलाच हवी.

मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'गुलामीची अक्षरं पुसा!' त्यात एक वाक्य होतं. साहेबाने दिलेलं स्पेलिंग डोळे मिटून भिंतीवर उतरवणारे पोटार्थी पेंटरही या गुलामीचे वाटेकरी आहेत. जुळणी करताना आबा थांबले. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "ज्योती, या बोळात पेंटर एकच आहे."

"मी नाव घेतलेलं नाही, आबा. मी वृत्तीबद्दल लिहिलंय."

"वृत्ती भिंतीपलीकडेच राहते. तिचा चहा रोज पितेस तू."

पण त्यांनी छापलं. पत्रकात काटछाट करायची नाही हा त्यांचा नियम होता, आणि तो त्यांनी लेकीसाठीही मोडला नाही. मला तेव्हा तो माझा विजय वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या खोलीच्या दारावर माझं पत्रक चिकटवलेलं होतं. आमच्या पोरांनी बोळभर पत्रकं लावली, त्यात एक घाईत त्यांच्या दाराला लागलं होतं. नाना दारात उभे, हातात ओळंबा. मी मान खाली घालून निघून चालले होते. "ए माय, थांब," त्यांनी हाक मारली. "तुझ्या पोरांनी वाकडं लावलं होतं. सरळ केलं मी." खरंच, चारी कोपरे एका रेषेत. ते पत्रक पाऊस लागून गळून पडेपर्यंत तिथेच होतं. त्याबद्दल ते पुढे एक अक्षर बोलले नाहीत... आणि मीही नाही.

मोहिमेला यश आलं ते नेमकं सावळखेड्यात. नानांचं गाव म्हणून मुद्दाम निवडलं असं नाही, निदान मी स्वतःला तसं सांगत आलेय. तिथल्या सरपंचांना पेपरात फोटो हवा होता आणि आम्हाला एक तरी गाव हवं होतं. निवेदन दिलं, चहा झाला, अर्ध्या तासात ठराव झाला. इंग्रजीत खेडा पुसायचं, खेडे लिहायचं. पहिली पाटी शाळेची. ती रंगवायला अर्थातच नानांना बोलावलं. भर उन्हात ते फाट्यावरून चालत आले, पाटी उतरवली, शाळेच्या ओट्यावर आडवी ठेवली आणि ब्रश हातात घेण्याआधी मला विचारलं, "विचारलं का कोणाला?"

"कोणाला विचारायचं, नाना? मराठीत खेडे आहे. सगळ्यांना माहीत आहे."

"गावातल्या बायांना."

"बाया खेडं म्हणतात. सावयखेडं! ते अशुद्ध आहे, नाना. पाटीवर अशुद्ध लिहायचं का?"

हे मी म्हणाले. लोकांच्या बाजूने पत्रकं काढणाऱ्या घरातली मी. माझी स्वतःची आजी मरेपर्यंत जयगाव म्हणत होती, तिच्या मांडीवर मी वाढले. नानांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, जरा निरखून... जसे ते रंग वाळला का ते बघायचे तसे. मग म्हणाले, "बरं. तू सांग. तू सांगशी तसं लिखसू." खडूची दोरी ताणली, टिचकी मारली आणि जुन्या अक्षरांवर रंग फिरवला.

त्या दिवसाचा माझा फोटो आहे. पाटीच्या शेजारी उभी, मूठ वर.

पुढे जे झालं ते त्या शाळेतल्या एका सवयीमुळे. तिथले गुरुजी कोणाला दाखला इंग्रजीतून हवा असला, की खिडकीतून बाहेर मान काढायचे आणि पाटीवर बघून गावाच्या नावाची अक्षरं उतरवायचे. त्यांचं इंग्रजी बेताचं, आणि पाटी म्हणजे सरकारी, असा हिशेब. वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं, कारण पाटी बदलतच नव्हती. आमच्या ठरावानंतर मात्र दाखले दोन जातीचे झाले. आधीचे खेडा, नंतरचे खेडे. आणि हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते सरलाच्या वेळी. सरला सावळखेड्याचीच, पाटी बदलली तेव्हा नववीत होती. पुढे नर्सिंग केलं तिने, शिरपूरला खोली घेऊन, स्वतःच्या हाताने स्वयंपाक करून. आखातातल्या एका दवाखान्यात नोकरी लागली. पाच मुली एकत्र जायच्या होत्या. पण सरकारी कार्यालयातल्या कागद तपासणीत ती अडकली. जन्माच्या दाखल्यावर एक गाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं गाव. मुलगी एक, जन्मली इथे आणि शिकली तिथे, मग मधलं स्थलांतराचं काहीतरी दाखवा, असं तिला सांगण्यात आलं. ती छापखान्यात आली तेव्हा हातात प्लास्टिकची फाइल होती. मला वाटलं, झालं, आता या कार्यालयावर पत्रक काढायचं. मी तिथेच कागद ओढला आणि मथळा लिहायला घेतला. सरला माझ्या हाताकडे बघत होती. "ताई," ती म्हणाली, "पत्रक नको. मला दाखला पाहिजे."

मी तीन वेळा त्या कार्यालयात गेले. भाषेचा अभिमान, वसाहतीचा वारसा, सगळं सांगून झालं. साहेब सभ्य होते. दर वेळी ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मॅडम, तुमचं पटतं. पण ही दोन गावं एकच आहेत याचा कागद कुठाय?"

चौथ्या वेळी नाना म्हणाले, "मी येतो." सावळखेड्याला जाऊन गुरुजींची परवानगी काढून त्यांनी शाळेची पाटीच उतरवून आणली. चादरीत गुंडाळून, एस.टी.च्या मागच्या सीटवर मांडीवर धरून. कार्यालयात साहेबांच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पाटी ठेवली आणि खिशातून ब्लेड काढलं. शिपाई पुढे धावला. नाना शांतपणे म्हणाले, "घाबरू नका, माझंच काम आहे." आणि टर्पेंटाइनचा बोळा फिरवून त्यांनी स्वतःच्या हातची, स्वतः रंगवलेली अक्षरं खरवडायला सुरुवात केली. खेडेचा शेवट निघाला, खालून खेडाचा शेवट वर आला. अर्धं जुनं, अर्धं नवं, एकाच पत्र्यावर. "साहेब, पत्रा एकच. हात एकच. गाव कसं दोन होईल?"

साहेबांनी पाटीवरून बोट फिरवलं. "आजोबा, हा पुरावा होत नाही," ते म्हणाले. मग हसले. "पण मला कळलं." प्रतिज्ञापत्र, तलाठ्याचं पत्र, आणखी दोन सह्या, असा रस्ता त्यांनी लिहून दिला. कागद झाले. पण त्याला महिने लागले, आणि बाकीच्या चौघी तोवर निघून गेल्या होत्या. सरला पुढच्या वर्षी गेली, एकटी. विमानात बसायची तिला भीती वाटत होती आणि सोबत असतील म्हणून तिने त्या चार मैत्रिणी जोडून ठेवल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

कार्यालयातून परतताना बसस्टँडवर आम्ही उसाचा रस प्यायलो. पाटी आमच्या मध्ये बाकावर, चादरीत. मला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी संतापून बोलत होते. कार्यालयावर, साहेबांवर, इंग्रजांवर. नाना रस संपेपर्यंत ऐकत राहिले. मग पेला ठेवून म्हणाले, "बदलं ते चुकनं नही, माय. इचारं नही, ते चुकनं."

माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं मला. दोन शब्द. पत्रकांमध्ये मी हजारो शब्द खर्च केलेत. पण बस लागली, गर्दी झाली, नाना पाटी सांभाळत चढले... आणि राहिलं. मग मी जळगावला आले. सणावाराला धुळ्याला जायचे, नानांच्या दारात उभी राहून चहा प्यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे. दर वेळी वाटायचं, आज म्हणू. दर वेळी ते काहीतरी गंमत सांगायचे आणि मी हसून परत यायचे. त्यांनी माझ्यावर कधी राग धरला नाही, हेच मला आता सोसत नाही. राग धरला असता तर भांडले तरी असते.

तर त्या सकाळी फोन ठेवून मी तासभर नुसती फेऱ्या घालत होते. समोर मुद्रितं पडली होती. संजूदादा रांगेत उभा होता. शेवटी फोन केला आणि म्हटलं, "अक्काला विचार."

"अक्काला? तिला इंग्रजी कुठे येतं?"

"तिला नाव म्हणायला सांग. तीनदा."

जळगावहून धुळ्याला जाताना मला बसमध्ये कधीच झोप येत नाही. एरंडोल, पारोळा, मधली बारकी गावं. प्रत्येक फाट्यावर आता चकचकीत पाट्या आल्यात, उजेड पडला की चमकणाऱ्या. अक्षरं यंत्राने कापलेली. एकाच गावाचं नाव जाताना एका तऱ्हेने आणि येताना दुसऱ्या तऱ्हेने. नानांच्या हातचं एकही अक्षर त्या रस्त्यावर उरलेलं नाही. तेराव्यानंतर गेले तेव्हा मी खिडकीतून ते मोजत होते आणि आकडा शून्यावरून हलत नव्हता.

अक्का खोलीत बसली होती, डब्यांच्या मध्ये. संजूदादाने तिच्यासमोरच सांगितलं, की अक्काने तीनदा म्हटलं, सावयखेडं, सावयखेडं, सावयखेडं. खिडकीमागचा माणूसही वाईट नव्हता, त्याने ऐकून घेतलं. पण संगणकात गावांची यादी आहे, त्यातलंच एक निवडावं लागतं. यादीत खेडा होतं. तेच निवडलं. म्हणजे जो माणूस आयुष्यभर गावोगाव विचारत फिरला, त्याच्या शेवटच्या कागदावर कोणालाही न विचारलेलं नाव आहे. मला पुन्हा तीच आग लागली, कॉलेजातली. मी उठून उभी राहिले.

"बस ना वं," अक्का म्हणाली. "तू आते कोनावर चिडस?"

आणि मग, माझं डोकं शांत करायला म्हणून असेल, तिने ती गोष्ट सांगितली. लग्न होऊन ती नुकतीच सावळखेड्याला आली होती. नानांना आयुष्यातलं पहिलं सरकारी काम मिळालं होतं, गावच्याच शाळेची पाटी. चिठ्ठीबरहुकूम त्यांनी ती रंगवली, घरी आणली आणि नव्या नवरीला मोठ्या ऐटीत वाचून दाखवली. सावलखेडा! "मी हाशी हाशी बेजार," अक्का म्हणाली. "म्हनं, हाई कोनतं गाव शे? मनं लगीन त्या गावमा नही झायं." नाना दोन दिवस पाटी घरातच ठेवून बसले. इंग्रजी अक्षरं बदलायची सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही आणली आणि तिला गावाचं नाव तीनदा म्हणायला लावलं.

"ती पाटी कुठाय?" मी विचारलं.

शाळेला छापील बोर्ड आला, तेव्हा गुरुजींनी जुनी पाटी नानांनाच देऊन टाकली होती. ती ओळंब्याच्या खाली, भिंतीला टेकून उभी होती. अर्धी खरवडलेली, कार्यालयातून आणली तशीच. इतके दिवस मी तिच्यासमोर उभी राहून चहा प्यायले होते. मी ती फिरवली.

मागे, खालच्या कोपऱ्यात, जुन्या पिवळट रंगात लिहिलं होतं. सांगणार, कौसाबाई. अक्काचं नाव. आणि त्याच्या खाली, नंतरच्या रंगात, तितक्याच निगुतीने, तितक्याच बारीक ब्रशने. सांगणार, ज्योती, छापखाना.

त्यांनी मला वगळलं नव्हतं. शिक्षा म्हणूनही लिहिलं नव्हतं, त्यांचा तो स्वभावच नव्हता. मी सांगितलं म्हणून त्यांनी लिहिलं, आणि ज्याने सांगितलं त्याचं नाव मागे घालायचं ही त्यांची रीत होती. सरलाचं वर्ष गेलं, त्याच्या मागेही माझंच नाव आहे. पाटी आजही मी फिरवली तशीच, मागची बाजू पुढे करून उभी आहे. अक्का म्हणाली, राहू दे तशीच. मी तिच्याजवळ बसून ते दोन शब्द म्हटले. तिने माझा हात हातात घेतला, पण ते ज्यांना म्हणायचे होते ते तिथे नव्हते.

म्हणून ही विनंती, पत्रकाच्या शेवटी असते तशी. तुमच्या फाट्यावरची, शाळेवरची, दवाखान्यावरची जुनी पत्र्याची पाटी आता निघतेय. ती भंगारात जाण्याआधी उलटी करा. खालच्या कोपऱ्यात बघा. एखाद्या बाईचं नाव असेल, तर ते गावात मोठ्याने वाचून दाखवा. नसेल, तर आज संध्याकाळी घराबाहेर पडा, गावातली सगळ्यात म्हातारी सून शोधा, तिला गावाचं नाव तीनदा म्हणायला सांगा आणि नव्या पाटीच्या मागे तिचं नाव लिहा. पुढे काय लिहायचं, यावर मग आपण पाहिजे तेवढं भांडू.